कृष्णकुंजचा पत्ता

तेव्हा अंधेरीत टांगे होते. आपल्या देशात पहिल्यांदाच आलेला, सकाळीच विमानातून उतरलेला एक गोरा ‘कृष्णकुंज’ शोधत आमच्या फाटकाशी आला. मी त्याला ठामपणे स्टेशनपलीकडे धाडला. त्याने आभार मानले आणि चिठ्ठीची घडी नीट जुळवून खिशात ठेवली.

तासाभराने तो घामाघूम होऊन परतला, तेव्हा चिठ्ठीचा बोळा झाला होता. त्याने आमच्याच फाटकावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. वैताग नुसता! बारा वर्षं आम्ही हिला विहिरीची चाळ म्हणतोय, पाटी वाचतंय कोण?

“तुमच्याकडे ‘ठाऊक नाही’ असं कुणीच म्हणत नाही का?” तो इंग्रजीत कडाडला.

मी खजील झालो.

“वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर घरी आहेत?”

प्रोफेसर मला दोन दिवसांत दिसले नव्हते.

“आहेत ना! जा वर,” मी म्हणालो.