इमानदेवाच्या घागरी

देवावर माझा अविश्वास नव्हता. देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसांवर होता. मी दीड वर्षाचा असताना वडील दुसऱ्या महायुद्धात लढायला गेले. बॉम्बफेकी विमानात ते बिनतारी संदेशाचे काम करीत. खराब हवामानात विमान वाट चुकले, आतल्या पाच जणांचा पत्ता नाही, एवढेच सरकारी पत्रात होते. ‘मृत’ हा शब्द त्यात नव्हता, आणि त्या न लिहिलेल्या शब्दाच्या आधारावर आई चाळीस वर्षे थांबली. जामनेरच्या एका ज्योतिष्याने वडील ब्रह्मदेशात असल्याचे सांगितले, रावेरकडे अंगात येणाऱ्या एका बाईने कुठल्याशा बेटावर. दोन्ही उत्तरे मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवली होती.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या प्रत्येकाचे नाव घेऊन मातीची नवी घागर भरतात आणि तिची पूजा करतात. आईने आजोबांची भरली, आजीची भरली. वडिलांची कधी भरू दिली नाही. जिवंत माणसाची घागर भरत नाहीत. पण ऐंशी सालानंतरच्या एका वर्षी तिची तब्येत फार खालावली. एका सकाळी घरच्या देवीपुढे, कानबाईपुढे दिवा लावून ती म्हणाली, “भाऊ, मी गऊ तं मन्ही घागर तू भरशी. त्यासनी काय करशी?”

मी तेव्हा धुळ्याला एका कचेरीत पावसाच्या नोंदी तपासत असे. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका केंद्राचे आकडे शेजारच्या केंद्रांच्या दुप्पट येत. मोजणारा माणूस घरबसल्या लिहीत असणार, अशी माझी खात्री होती. केंद्राचा पत्ता होता ‘इमानदेवाजवळ’. इमानाच्या देवाशेजारी बसून खोटे आकडे लिहितो, असा शेरा मी मनातल्या मनात मारला आणि श्रावणात न कळवता तिथे जाऊन थडकलो.

पर्जन्यमापक सांभाळणारे नाना पन्नाशी ओलांडलेले, चौथी शिकलेले शेतकरी. मला पाहून हसले. “पाऊसले पकडाले उनात का माले, साहेब?”

पाणी मी स्वतः मोजले. बासष्ट मिलिमीटर. नानांच्या वहीत सकाळीच बासष्ट लिहिलेले होते. त्या खोऱ्यात ढग खरोखरच अडकून बसत होते. मी ओशाळलो. तोवर नाल्याला पूर आला, परतीची वाट बंद झाली आणि मला नानांच्या ओसरीवर बसून राहावे लागले. समोर झाडाखाली शेंदूर लावलेले दगड होते.

“हाच इमानदेव? इथे शपथा घेतात वाटतं?” मी विचारले.

“शप्पथना नही हो! आभायमाईन इमान पडनं व्हतं आठे. उडनारं इमान.”

विमान. गावच्या तोंडी विमानाचे इमान झाले होते आणि कचेरीच्या कागदावर मी ते वर्षानुवर्षे चुकीचे वाचत आलो होतो. वडिलांचे तर नसेल? पण लगेच दुसरा विचार आला, की साक्रीत कुणीतरी माझी माहिती ह्याला दिली असेल. मी वडिलांबद्दल अवाक्षर काढले नाही. दगड मोजले. सहा निघाले. पत्रात तर पाच माणसे होती. खोटेपणा सापडला की मला नेहमी बरे वाटते. त्या दिवशी वाटले नाही.

“माणसं किती होती?”

“पाच. सहावा मन्हा बाप शे. त्यासले काढाले गया, तोबी आगमा ऱ्हायना.”

नाना तेव्हा दहा वर्षांचे होते. असेच धुके, असाच पाऊस. विमानातल्या सामानाच्या चोरीचा आळ घेऊन पोलीस सगळ्यांनाच बांधून नेतील, या धाकाने गावाने पाचही जणांना गुपचूप पुरले आणि कुठे वाच्यता केली नाही. मात्र नानांच्या आईने पुढच्या आखाजीला एक घागर नवऱ्याची भरली आणि पाच परक्यांच्या. ती गेल्यावर नाना भरत आले.

“नाव कोणतं घेता?” मी विचारले.

“नाव कोठून लयसूत? म्हनतस, बाबा, तुन्हा घरनी समजीसन पी ले.”

मग मी सगळे सांगितले. नाना म्हणाले, “मंग नाव सांगा ना, भाऊ.”

मी सांगितले नाही. विमानाचा क्रमांक नाही, कुठली खूण नाही. युद्धात अशी विमाने किती पडली असतील! पुराव्याशिवाय वडिलांचे नाव मृतांच्या यादीत घालायचा मला काय अधिकार? पावसाच्या आकड्यात खरा ठरलेला माणूस मेलेल्यांच्या आकड्यात खोटे का बोलेल, हेही कळत होते. तरी मी पुन्हा दगडच मोजत बसलो.

घरी आल्यावर आईला सारे सांगितले, माझ्या शंकांसकट. ती रडेल असे वाटले होते. ती रागावली. “चाळीस वरीस त्या मायलेकसनी लोकना पोऱ्यासले पानी पाजं, आनि तू एक नाव नही दिनं?”

“पण ते वडील नसले तर?”

“मंग दुसराले जाई. पानीच जाई ना?”

पुढच्या आखाजीला आईला घेऊन मी डोंगरात गेलो. ओसरीवर सहा नव्या घागरी मांडलेल्या होत्या. नानांनी विचारले, “तुमनी कोनती, भाऊ?” आयुष्यभर रकाने भरलेल्या मला ते ठरवता येईना. आईकडे पाहिले. तिने हात जोडले. तेव्हा पाचही घागरींवर मी वडिलांचे तेच एक नाव घेतले. सहावीवर नानांनी आपल्या वडिलांचे घेतले आणि त्यांच्यामागून मीही.

ते विमान वडिलांचे होते का, मला आजही ठाऊक नाही. कानबाईने मला तिथे नेले, की माझ्या संशयी स्वभावाने, याचाही निवाडा मी करत नाही. जे समजत नाही ते तिच्या पायाशी ठेवावे, एवढेच शिकलो. परतताना आई गाडीत शांत झोपली होती. मी तिला तसे झोपलेले कधी पाहिले नव्हते.