बर्फाच्या डोंगरातली द्राक्षं

केजच्या बसस्थानकासमोर द्राक्षांचा गाडा लावणारे चाचा गिऱ्हाइकाला घड दाबू देत नाहीत. "लगीन जमवायलाव का? नुसतं बघा," म्हणतात. स्वतः मात्र दर दहा मिनिटांनी एकेक घड सावलीकडे वळवतात. कोणता माल किती दिवस टिकेल, हे मला कृषी महाविद्यालयाच्या आधी त्यांनीच शिकवलं.

परदेशातल्या एका थंड, डोंगराळ भागात द्राक्षबागेच्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पेढे घेऊन चाचांकडे गेलो खरा, पण तिथल्या द्राक्षांची वाइन होते हे सांगायला जीभ उचलेना. पाच वेळा नमाज पढणारा माणूस. पेढा परत देतील, याचीच भीती.

त्यांनी मोबाइलवरचा बागेचा फोटो डोळ्यांजवळ नेला. "मागं बरफ, म्होरं द्राक्षं! लई हिंमतीची वेल हाय बे."

मग मी खरं सांगून टाकलं.

"समदीच दारूला जात्यात?"

"सगळीच, चाचा."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. मग पेढा तोंडात टाकून म्हणाले, "तर मंग लवकर जा. दारू व्हायच्या आदी चार मनी माज्यासाठी काडून ठिव."