कोटावरचा कापूस

पुण्यात आल्यावर मी एका फिल्म सोसायटीची सभासद झाले. तिथे एकदा एक जुना इटालियन चित्रपट दाखवला आणि मग एका विद्वान गृहस्थांनी त्यावर तासभर व्याख्यान दिलं. युद्धानं पोळलेला देश, स्टुडिओ सोडून रस्त्यावर आलेला कॅमेरा, नट नसलेली साधी माणसं, सगळं त्यांनी नीट समजावून सांगितलं. त्यात चूक काही नव्हती. पण ‘हे गरिबीचं काव्य आहे’ असं ते म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. मी मुळात तापट. शिवाय तो चित्रपट मी लहानपणी एकदा पाहिला होता, खामगावात, तरटाच्या पडद्याआड बायकांत बसून. त्या दिवशी मला त्यात काव्यबिव्य काही दिसलं नव्हतं.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि आमचा सगळा कारभार नागपूरहून चालायचा. वडील कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, म्हणजे जिनात, कारकून होते. हंगामात ते संध्याकाळी घरी यायचे ते टोपीपासून कोटापर्यंत रुईनं पांढरे होऊन. आई त्यांना दारातच अडवायची. हातानं कोट झटकायची आणि झटकताना कुरकुरायची, की घरात आधीच काय कमी पसारा आहे. तिची माया करायची तऱ्हाच ती होती. एरवी चारचौघांत ती त्यांच्याकडे पाहायचीसुद्धा नाही.

त्याआधीची वडिलांची नोकरी गेली होती तेव्हा आम्ही साखरखेर्ड्याला मामाकडे जाऊन राहिलो होतो. मामा वाईट नव्हता. पण मामी वाढताना वडिलांच्या ताटाकडे ज्या नजरेनं पाहायची, ती आईच्या काळजाला लागली. जिनातली नोकरी लागून खामगावला परतल्यावर तिनं वडिलांना स्वच्छ सांगून टाकलं, की आता ही नोकरी गेली तर मी पोरीला घेऊन भावाकडे जाईन, तुमी तुमचं पाहा. आई बोलेल ते करणारी बाई होती. हे वडिलांनाही माहीत होतं आणि मलाही.

आणि ती नोकरी गेली. मालकाला आपल्या जावयाच्या भावाला कुठेतरी चिकटवायचं होतं, एवढंच कारण. वडील घरी काही बोलले नाहीत. सकाळी कोट चढवून, डबा घेऊन ते नेहमीसारखे निघत राहिले.

मला कळलं ते असं. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बाजाराकडे जायच्या त्या वाटेला दोन्ही बाजूंनी बाभळी होत्या. भरल्या बंड्या घासून जायच्या आणि काट्यांना कापसाचे पुंजके लटकून राहायचे. शाळा लवकर सुटली म्हणून मी त्या वाटेनं येत होते, तर एका बाभळीपाशी वडील उभे दिसले. काट्यात हात घालून ते कापूस काढत होते, बोटांनी तो पिंजत होते आणि कोटाच्या खांद्यावर चिकटवत होते. मग बाही समोर धरून त्यांनी पाहिली आणि आणखी थोडा लावला. मी तशीच मागे फिरले आणि लांबच्या रस्त्यानं घरी गेले. संध्याकाळी आईनं कोट झटकला आणि आज काम लई दिसते असं म्हणाली. वडील हो म्हणाले.

तेव्हापासून संध्याकाळ जवळ आली की माझा जीव टांगणीला लागायचा. आई कोटावरून हात फिरवायची आणि मला वाटायचं, आता तिच्या हाताला काटा लागेल. मी कुणाजवळ अक्षर काढलं नाही.

अशात गावात टांग्यावरून कर्णा ओरडत गेला, की रविवारी दुपारी विलायती कौटुंबिक चित्र, सहकुटुंब पाहा. थिएटर म्हणजे पत्र्याची शेड. मालकाला ते चित्र कुठून तरी स्वस्तात मिळालं असावं, कारण आत काय आहे याचा त्याला पत्ता नव्हता. जाहिरातीवर त्यानं आपल्या मनानं एक लाल ओठांची बाई रंगवून घेतली होती. ती बघून पुरुष आले आणि ‘सहकुटुंब’ ऐकून बायका आल्या. आई शेजारच्या खालाबरोबर निघाली. खाला म्हणजे आमच्या शेजारच्या शिंप्याची बायको, आईची जिवाभावाची. वडील नको म्हणत होते, पण रविवारच्या सुट्टीत नको म्हणायला त्यांच्याजवळ कारण नव्हतं.

डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मध्ये तरट. वडील अगदी तरटाला लागून पलीकडे बसले. चित्र सुरू झालं आणि गडबड उडाली. ना गाणं, ना मारामारी, बोलणं भलत्याच भाषेत आणि खाली इंग्रजी अक्षरं. पुरुषांतून शिट्ट्या सुरू झाल्या. खालानं मला कोपरानं ढोसलं. म्हणाली, बेटी, तू इंग्रजी पढती ना, जरा बता क्या बोल रहे. मी वाचायला लागले. सगळं येत नव्हतं, पण निम्मंशिम्मं कळत होतं. पाहता पाहता सगळ्या बायका माझ्याकडे कान लावून बसल्या आणि पलीकडच्या शिट्ट्याही थांबल्या. मला मोठ्यानं सांगणं भाग पडलं.

एक गवंडी, त्याची बायको, एक तान्हं मूल. मुकादम त्याला कामावरून काढतो. हे मी अजून सांगितलंही नव्हतं तोवर पडद्यावर दुसरी सकाळ झाली. तो माणूस उठला, बायकोनं फडक्यात बांधून दिलेली भाकरी घेतली, कामावर निघाल्यासारखा निघाला आणि नदीकाठी जाऊन बसला.

आई माझ्या मांडीला मांडी लावून शेंगा सोलत होती. तिनं विचारलं, हा काऊन बसला इथं? बायकांतूनही तोच प्रश्न आला. मग मी ठोकून दिलं. म्हणाले, हा खरा गवंडी नाही, गुप्त पोलीस आहे. चोरावर नजर ठेवून बसला आहे. बायका खूश झाल्या. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी वा म्हणालं.

पण एक थाप मारली की दुसरी मारावी लागते. तो माणूस रस्त्यानं भटकला, मी म्हणाले चोराच्या मागावर आहे. तो मंडईत हमाली मागायला गेला आणि हाकलला गेला, मी म्हणाले बातमी काढतो आहे. मग संध्याकाळ झाली. एका अर्धवट भिंतीपाशी चुन्याचं घमेलं पडलं होतं. पडद्यावर फक्त हात आला. त्या हातानं चिमूटभर चुना उचलला आणि विजारीच्या गुडघ्यावर चोळला, मग दुसऱ्या गुडघ्यावर. चेहरा दाखवलाच नाही. पुण्याच्या त्या गृहस्थांना या जागेबद्दल एक वाक्यही बोलावंसं वाटलं नाही. मी तर म्हणते, ज्यानं कुणी हे चित्र काढलं त्यानं असा माणूस प्रत्यक्ष पाहिला असणार आणि माझ्यासारखाच मागे फिरला असणार. अशा वेळी माणसाच्या तोंडाकडे पाहवत नाही.

वेश पालटतो आहे, मी म्हणाले.

पुढे ती बायको टोपलीपाशी बसून विजार आपटत होती. चुना उडत होता आणि ती हसत होती. शेजारी शेंगा सोलण्याचा आवाज थांबला. मी आईकडे पाहिलं नाही. एवढ्यात रीळ संपलं, दिवे लागले, आणि तरटाच्या फाटक्या जागेतून मला वडील दिसले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली होती आणि ते सरळ माझ्याकडे पाहत होते. वडिलांना इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येत होतं. पडद्यावर काय लिहिलं होतं ते त्यांनी वाचलं होतं आणि मी काय सांगितलं तेही ऐकलं होतं. मला सगळं ठाऊक आहे हे त्यांना तेव्हा समजलं. ते उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हे बाहेर जातील आणि परत येणार नाहीत. मी इतकी घाबरले की खालाचा हात घट्ट धरला. पण दिवे गेले आणि ते पुन्हा खाली बसले.

नवं रीळ सुरू झालं. त्या दिवशी तो माणूस भाकरी घरीच विसरला होता. बायको मुलाला कडेवर घेऊन, भाकरी घेऊन, धावत कामाच्या जागी गेली. फाटकापाशी मुकादम भेटला. तिनं विचारलं. त्यानं मान हलवली आणि तो काहीतरी बोलला. खाली अक्षरं उमटली आणि ती तशीच उभी राहिली.

आता काय सांगणार होते मी? गुप्त पोलिसाची गोष्ट तिथे येऊन तुटली. खाला विचारू लागली, मागच्या बायका विचारू लागल्या. पुरुषांतून कुणीतरी ओरडलं, बोल ना पोरी. आई काहीच विचारत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

तेवढ्यात तरटापलीकडून वडिलांचा आवाज आला. मोठा, स्वच्छ, जिनात वजनं पुकारायचे तसा.

“पोरगी खोटं सांगून राह्यली. तो पोलीस नाही. त्याची नोकरी गेली. बायकोले सांगाची हिंमत झाली नाही त्याले, म्हनून तो रोज सकाळी निघते आन् असाच भटकते.”

आईनं तो आवाज ओळखला नसेल असं होणं शक्य नव्हतं. माझ्या मांडीला लागलेली तिची मांडी ताठ झाल्याचं मला कळलं. ती आता उठेल, माझा हात धरेल आणि थेट साखरखेर्ड्याची वाट धरेल, असं मला वाटलं. मी डोळे मिटून घेतले.

मग आई बोलली. तरटाकडे तोंड करून, पलीकडे ऐकू जाईल अशी.

“त्याले म्हना, घरी ये.”

बायका खळखळून हसल्या. पडद्यावरच्या माणसाला निरोप धाडते, काय भोळी बाई, असं त्यांना वाटलं असणार. खालासुद्धा हसली. पडद्यावर त्या वेळी कुणीही बोलत नव्हतं. ती बायको एकटीच फाटकापाशी उभी होती आणि तो माणूस चित्रात कुठेच नव्हता.

“येतो म्हन्ते तो,” वडील म्हणाले.