यल्लप्पा, अख्मादू आणि ती विहीर

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी नायब सुभेदार होतो आणि यल्लप्पा हवालदार. दोघंही इंजिनिअर्समधले. शांतिसेनेची तुकडी, सहारा वाळवंटाच्या कडेला कॅम्प, काम विहिरी साफ करण्याचं आणि वाटा दुरुस्त करण्याचं. देशाचं नाव लिहीत नाही, तसा शिरस्ता आहे.

हे आत्ता लिहायला बसलो ते ऋतुजामुळे. रिटायर झाल्यापासून मी बेंगळुरूत, बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात सिक्युरिटी बघतो. ऋतुजा तिथं नोकरीला, मूळची पुण्याची. सुट्टीवरून आली आणि फोन माझ्यासमोर धरून म्हणाली, "काका, सहारात होतो आम्ही! फुल गाइडेड टूर, तुआरेग लोकांसोबत. इतके स्वीट आहेत ना ते!" फोटोत एक तुआरेग, निळ्या फडक्यानं तोंड झाकलेला, तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा. मी "छान" म्हटलं आणि गेटवर गेलो. खरं सांगायचं तर माझ्या पोटात दुखलं. मी त्या लोकांबरोबर वाळवंट तुडवलं, पण माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवला नाही. यल्लप्पाच्या ठेवला होता.

यल्लप्पा विजापूरकडचा. मी साताऱ्याचा. ट्रेनिंगला शेजारच्या खाटा मिळाल्या आणि पुढं नशिबानं युनिटही एकच. त्यानं मला कानडी शिकवलं, आधी शिव्या आणि मग बाकीचं. बायको बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातली मिळाली, त्यामुळं ते कानडी पुढं सासरी कामी आलं. मी नायब सुभेदार होऊन जेसीओ झालो तेव्हापासून तो चारचौघांत मला साहेब म्हणायचा. दोघंच असलो की शिंद्या. मला शिंद्या म्हणणारा फौजेत तो एकटाच उरला होता.

ऑर्डर साधी होती. वाळूच्या टेकड्यांच्या आत एक जुनी विहीर बुजत चालली होती. आसपासची गुरं, उंट, माणसं सगळी तिच्यावर. ती साफ करायची आणि बांधकाम पक्कं करायचं. गाड्या पठारापर्यंतच जात. पुढं मऊ वाळू, म्हणून सामान उंटांवर. वाट दाखवायला दोन तुआरेग दिले होते. अख्मादू हा वाटाड्या, साठीचा, काटक, मोजकं बोलणारा. दुसरा मूसा. तो पूर्वी टुरिस्टांसाठी स्वयंपाक करायचा, त्यामुळं त्याला कामापुरतं इंग्लिश यायचं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी अख्मादूला नकाशा दाखवला. तो नकाशाकडं न बघता माझ्या बुटांकडं बघत राहिला. मग मूसाला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, या बुटांत वाळू भरणार."

जैसलमेरकडं मी दोन टेन्यूर काढली होती. वाळवंट मला शिकवतो काय! मी नकाशाची घडी केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बुटांत वाळू भरली, ती गोष्ट वेगळी.

यल्लप्पाचं मात्र पहिल्या मुक्कामालाच जमलं. गडी शेतकऱ्याच्या घरचा, बैलांत वाढलेला. उंट बसवताना अख्मादूनं तोंडानं जो आवाज काढला तो यल्लप्पानं एकदाच ऐकला आणि तसाच काढला. उंट गपकन बसला. अख्मादू हसला. म्हणजे डोळे हसले, बाकी तोंड फडक्याआड. तोच उंट मी बसवायला गेलो तर माझ्या शर्टावर थुंकला.

"साहेब, ओळख करून घेतोय तो," यल्लप्पा म्हणाला. तुकडीतली पोरं खाली मान घालून हसली.

मग भाकरी. ते लोक निखारे बाजूला सारून तापलेल्या वाळूत पिठाचा जाड रोट पुरतात, वर पुन्हा निखारे ओढतात. भाजला की काढतात, वाळू झटकतात, कुस्करून रश्श्यात घालतात. एकच मोठं भांडं, भोवती सगळे, हातात लाकडी चमचे. आम्ही राशनचे डबे फोडून खात होतो. यल्लप्पा डबा तसाच ठेवून त्यांच्या भांड्याशी जाऊन बसला.

"आईच्या हातच्या रोटीसारखी लागते रे," परत आल्यावर तो मला हळूच म्हणाला.

"दातात वाळू येत नाही का?"

"आईच्या रोटीत पण यायची."

दुसऱ्या दिवशी अख्मादूनं आपल्याकडचं एक निळं कापड काढलं आणि यल्लप्पाच्या डोक्याला, तोंडाला स्वतःच्या हातानं बांधलं. सावकाश, एकेक वळसा घालत, घरच्या पोराला लग्नाचा फेटा बांधावा तसं. संध्याकाळी कापड सोडलं तर यल्लप्पाचे गाल निळे झालेले. ते दोघं पुढं चालायचे. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती, तरी दिवसभर बडबड चालायची. हा कानडीत, तो त्याच्या भाषेत. मी पाठीमागं पोरं आणि सामान सांभाळत होतो आणि जळत होतो. लपवून काय करू? इतक्या वर्षांचा माझा बडी, आणि हा कोण कुठला म्हातारा त्याला दोन दिवसांत उचलून घेऊन चालला होता.

"तुझं आणि त्याचं बरंच जुळलंय," मी एकदा बोललोच.

"शिंद्या, तुझं तोंड का वाकडं झालंय?" तो म्हणाला. "स्वल्प पुढं ये की. चाल आमच्याबरोबर."

मी गेलो नाही. माझी जागा रांगेच्या शेवटी होती, कमांडरनं तिथंच असायचं. तसं मी त्याला सांगितलं.

विहिरीवर पोहोचलो. आत दगडी बांधकाम, वर गंजलेली कप्पी, तळाला ओली वाळू. आमच्यात विहिरीत उतरणारा सगळ्यात हुशार माणूस यल्लप्पाच. त्यानं दोरी लावून उतरत एकेक दगड हातोडीनं वाजवून बघितला. एका बाजूला टेकू लावून घेतले. "ओके आहे," म्हणाला. मीही उतरून बघितलं. ओके होतं. काम सुरू झालं. वाळूच्या बादल्या वर येत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी लागलं. खालून यल्लप्पाची आरोळी आली, "साहेब, नीर बंतु!" पाणी आलं. पहिला कातडी पोहरा वर आला, गढूळ, पण पाणी. आमची पोरं ओंजळी करून धावली. अख्मादूनं हात आडवा धरला. मूसानं सांगितलं, "इथं पहिलं पाणी जनावरांना. मग माणसांना."

उंटांना वास आलाच होता. सोडायचीही गरज पडली नाही. सगळे एकदम काठाशी आले, एकमेकांना रेटत. मूसा आणि पोरं त्यांना मागं ढकलत होती. तेवढ्यात आतून घरंगळल्याचा आवाज आला. मग धूळ वर आली.

एका बाजूचं बांधकाम खाली बसलं होतं. पुढं कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. टेकूच्या खालची वाळू पाण्यानं सुटली, दोष कुणाचा नाही, असा निर्णय झाला. पण तेव्हा मला फक्त काठावरचे उंट दिसत होते.

अख्मादू माझ्या आधी दोरीवर होता. आमचे दोन सॅपर जवान त्याच्या मागं. मी वरून दोरी धरली. हातांनी दगड काढून त्यांनी यल्लप्पाला वर आणलं. शुद्धीवर होता. छातीची एक बाजू दबली होती, तोंडातून रक्त येत होतं. ड्रेसिंग केलं, मॉर्फिन दिलं, सावली केली. मग मी आणि सिग्नलमन पिल्लै रेडिओ सेट घेऊन टेकडीवर पळालो, कारण खालून सिग्नल पकडत नव्हता.

"अल्फा, धिस इज ब्राव्हो. वन कॅज्युअल्टी. क्रश इंजुरी, चेस्ट. रिक्वेस्ट हेलिकॉप्टर, इमिजिएट. ओव्हर."

"ब्राव्हो, वेट."

थांबलो. वारा वाढत होता. उत्तरेला आभाळ तपकिरी झालेलं.

"ब्राव्हो, अल्फा. डस्ट स्टॉर्म. व्हिजिबिलिटी निल. हेलिकॉप्टर कॅन नॉट टेक ऑफ. ओव्हर."

"अल्फा, ही विल नॉट लास्ट. ओव्हर."

"अंडरस्टूड. स्टे ऑन सेट. आउट."

स्टे ऑन सेट. मी सेटवर थांबलो. पलीकडून डॉक्टर बोलायला आले, त्यांना नाडी सांगायची, श्वास सांगायचा, त्यांनी सांगितलेलं खाली ओरडून कळवायचं. टेकडीवरून मला खालचं सगळं दिसत होतं. यल्लप्पाचं डोकं अख्मादूच्या मांडीवर होतं. ओठ हलत होते. अख्मादू वाकून कान लावून ऐकत होता. मला ऐकू येत नव्हतं. दुपारी तीनच्या सुमारास खालच्या सॅपरनं माझ्याकडं बघून हेल्मेट काढलं.

मी खाली आलो. अख्मादूनं मांडी सोडली आणि यल्लप्पाचं डोकं माझ्या हातात दिलं. "काय म्हणाला तो?" मी विचारलं. मूसानं विचारून बघितलं. अख्मादूनं तोंडावरचं फडकं वर ओढलं आणि उठून गेला. माझ्या मनात आलं, मेल्या, माझ्या माणसाचे शेवटचे शब्द खिशात घालून निघालास.

सूर्य मावळताना फॉल-इन घेतलं. आमच्यात रीत आहे. रोल कॉलला गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून ओ द्यायची. मी छाती फोडून ओरडलो, "हवालदार यल्लप्पा!"

"हाजिर!"

दुसऱ्यांदा नाव घेतलं आणि दोन्ही तुआरेग उठले. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा त्यांनी उंटांच्या दोऱ्या सोडल्या होत्या. परेड डिसमिस होईपर्यंत ते टेकडीपलीकडं गेले होते, उंटांसकट. पिल्लै म्हणाला, "सर, दे हॅव डेझर्टेड."  दोन दिवस यल्लप्पाला डोक्यावर घेऊन नाचले आणि त्याचं नाव ऐकून पळाले, असं मला वाटलं. इतका राग मला शत्रूचाही कधी आला नव्हता.

सकाळी आभाळ मोकळं झालं. हेलिकॉप्टर आलं, यल्लप्पाला घेऊन गेलं. आम्ही सॅल्यूट केला. आता सामान पाठीवर आणि वाट कंपासवर, असं ठरवून मी टेकडी चढलो. पलीकडच्या उतारावर अख्मादू आणि मूसा बसले होते. उंट बांधलेले, खोगीर चढवलेलं, चहा उकळत होता.

"पळालात का?" मी मूसाच्या अंगावर गेलो.

मूसा गोंधळला. "पळालो नाही. आमच्यात जिथं माणूस जातो तिथं रात्र काढत नाहीत. आणि त्याचं नाव पुन्हा घेत नाहीत. तुम्ही ओरडून घेतलंत. तीनदा." त्यानं अख्मादूकडं बोट केलं. "म्हातारा रात्रभर रडला."

"आम्ही नाव घेतो," मी म्हटलं. "विसरू नये म्हणून."

मूसानं ते सांगितलं. अख्मादूनं माझ्याकडं बघितलं. मग सरळ माझ्याशीच बोलला. मूसा दुभाष्याचं काम करायला पुढं झाला, पण गरज पडली नाही. अख्मादूच्या तोंडून कानडी आलं. अर्थ न कळता, आवाज तेवढे जपून ठेवलेले, यल्लप्पाच्या विजापुरी हेलासकट.

"ओंटीगे नीर कुडसरी. मोदल ओंटीगे."

 मी वाळूत बसलो.

"हे पुन्हा पुन्हा म्हणत होता," मूसा म्हणाला. "म्हातारा विचारतो, याचा अर्थ काय?"

आदल्या दिवसापासून जे माझं नव्हतं ते आता माझ्या एकट्याजवळ होतं. आणि ते काय होतं? ना शिंद्या, ना साहेब, ना घरचं नाव. मी म्हटलं, "उंटांना पाणी पाजा म्हणाला. आधी उंटांना."

मूसानं सांगितलं. अख्मादूनं फडकं खाली केलं. त्याचं अख्खं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाला, विहीर बुजली तरी उंटांना गरज नाही, पुढच्या पाण्यापर्यंत ते तग धरतील, तुमचं पाणी माणसांना ठेवा.

"पिल्लै," मी हाक मारली. "एक जेरीकॅन आण."

"सर, रिझर्व्ह आहे."

"आण म्हटलं ना."

मी स्वतः ताडपत्रीचा खळगा करून पाणी ओतलं. जो माझ्यावर थुंकला होता तो उंट पहिला आला. रीत पाळायची म्हणून मी उभा राहिलो. मनात मात्र म्हणत होतो, पी लेका. तुझ्या गर्दीत माझा माणूस गेला, आणि जाताना त्यानं आठवण काढली ती तुझी.

तुकडी देशात परतल्यावर मी बेंगळुरूच्या पीण्या या कारखान्यांच्या भागात गेलो. यल्लप्पाची बायको गंगक्का तिथं कारखान्यांतल्या कामगारांसाठी खानावळ चालवते. दुपारची गर्दी ओसरली होती. तिनं मला बसवलं, समोर ज्वारीची रोटी ठेवली आणि स्वतः उभीच राहिली.

"अण्णा, शेवटी काय म्हणाले हो?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण तिच्यापुढं जमलं नाही. यल्लप्पाचे शब्द मी त्याच्याच भाषेत सांगितले.

ती मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "अय्यो! माझं नाव नाही, पोरीचं नाव नाही, उंटाला पाणी? इतकी वर्षं संसार केला मी! ते उंट कोण लागतात त्यांचे?"

"माझंही नाव नाही, अक्का," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हसणं ओसरलं आणि ती माझ्यासमोर, जमिनीवर, भिंतीला टेकून बसली. बराच वेळ रडली. मी रोटीला हात लावला नाही.

शेवटी तिनं डोळे पुसले.

"प्याले का ते?"

"प्याले. अख्खा कॅन संपवला."

"सरी, बरं झालं," गंगक्का म्हणाली आणि उठली. "मग तुम्ही जेवा आता."