नागव्वाच्या दोन वेण्या

चाळिशी उलटलेल्या बाईनं शाळकरी पोरीसारख्या दोन वेण्या घालून गिरणीत यावं, त्यातल्या एकीला तांबडी रिबीन आणि दुसरीला हिरवी बांधावी, यावर कुठंही लोक हसलेच असते. सोलापुरातही आधी हसलेच. पण थोड्याच दिवसांत कांडी खात्यातल्या बाया हसायच्या थांबल्या आणि सकाळचा भोंगा व्हायच्या आत नागव्वाच्या पाठीमागं येऊन उभ्या राहायला लागल्या. एखादी तांबडी वेणी हातात घेऊन चोळून बघायची, एखादी हिरवी नाकाशी न्यायची. नागव्वा मान ताठ ठेवून बसायची.

"तांबडीत काय हाय, अक्का?"

"नवी शिकेकाई. पुडीतली."

"आन् हिरवीत?"

"आपली घरची, कुटलेली. मला काय इचारतीस? हात लाव आन् तूच सांग की!"

तिची रीत ही अशी होती. मधोमध भांग पाडायचा, डोक्याच्या एका बाजूला नवी वस्तू लावायची, दुसऱ्या बाजूला रोजची, आणि दोन्ही बाजूंच्या वेगळ्या वेण्या घालून आठवडाभर सगळ्यांच्या नजरेसमोर हिंडायचं. नवी वस्तू नेहमी तांबड्या रिबिनीत. लपवाछपवी नाही. केस तुटले तर सगळ्यांच्या देखत तुटणार आणि चमकले तर सगळ्यांच्या देखत चमकणार. स्नो आला बाजारात, तर तोही तिनं एकाच गालाला लावला आणि दिवसभर अर्धं तोंड उजळ घेऊन काम केलं. कुंकवाची परीक्षा वैशाखातल्या दुपारपाळीत. घामानं जे कुंकू नाकावर ओघळलं ते बाद.

हे सगळं सुरू झालं ते सासूशी झालेल्या भांडणातून. नागव्वा अक्कलकोटाकडची. लग्न होऊन आली तेव्हा आईनं कुटून दिलेली शिकेकाई बरोबर घेऊन आली, आणि सासूच्या शिकेकाईपेक्षा ती कशी चांगली, हे दिवसातून चारदा सांगायला लागली. सासू भडकली. नव्या सुनेनं मग स्वतःच तोड काढली: अर्ध्या डोक्याला आईची, अर्ध्याला सासूची. आठवडाभरानं दोन्ही वेण्या हातात धरून ती सासूसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अत्ती, तुमची चांगली हाय." माहेरची बाजू हरली म्हणून डोळ्यांत पाणी आलं होतं, पण बोलली खरं. सासू त्या दिवसापासून आळीत सांगत सुटली की, आमची सून स्वतःच्या विरुद्धसुद्धा खरं बोलते. अशी कीर्ती एकदा पसरली की माणसाला ती जपावी लागते. नागव्वानं ती जन्मभर जपली, आणि तिचा तोराही मिरवला. का मिरवू नये?

शिवाय कांडी खात्यातल्या बायांच्या डोक्याची दैना तिथं काम केल्याशिवाय कळायची नाही. सुताच्या कांड्या भरायचं काम. चाकं फिरतात तसा कापसाचा भुरा उडतो आणि दिवसभर हवेत तरंगत राहतो. पदर घ्या, फडकं बांधा, काही करा, संध्याकाळी बाई घरी निघते ती डोकं पांढरं करूनच. वर घरी आडाचं जड पाणी, ज्यात साबणाला फेस यायलासुद्धा लाज वाटते. अशा बाईनं दुकानात जाऊन नुसत्या चित्रावर भुलून बाटली उचलली आणि ती फसली, तर पुढचा महिना तसाच कोरडा जायचा. म्हणून नागव्वा लागायची. बहात्तरच्या दुष्काळात, पाण्याच्या घागरीसाठी रांगा लागत होत्या त्या दिवसांत, तिनंच शोधून काढलं की जाडीभरडी शिकेकाई केसातून निघता निघत नाही आणि वस्त्रगाळ केलेली तेवढ्याशा पाण्यातही निघून जाते. त्या उन्हाळ्यात मंगळवार पेठेत बायांची डोकी स्वच्छ राहिली ती या एका गोष्टीनं.

तेव्हापासून सिद्धलिंगप्पाच्या कटलरीच्या दुकानात एकच प्रश्न ऐकू यायचा, "नागव्वानं लावून बगितलंय का?" नाही म्हटलं की वस्तू परत फळीवर. सिद्धलिंगप्पा आधी चिडायचा. मग शहाणा झाला आणि नवा माल आला की पहिला नग नागव्वाकडं पाठवायला लागला. ती तो फुकट घ्यायची नाही. "फुकटचं लावलं की हात खोटं बोलतो," म्हणायची.

घरी तिचा नवरा शिवप्पा, चादरींच्या गाठी वाहणारा हातगाडीवाला, डोक्यावर एक केस नाही. "एकाच घरात बागाईत आन् माळ," असं तो स्वतःच म्हणायचा आणि मोठ्यांदा हसायचा. सकाळी तिच्या दोन वेण्या दिसल्या की त्याचा ठरलेला प्रश्न, "काय, शाळंला निघालीस व्हय?"

तर अशी ही नागव्वा. हिचं चुकेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, आणि तिला स्वतःला तर मुळीच नाही.

शहात्तर सालच्या गड्ड्याच्या जत्रेत एक हिरवी बाटली आली. केसांचं तेल. वास असा की पाळण्यापाशी उभं राहिलं तरी यावा. नागव्वानं एक घेतली, तांबडी रिबीन बांधली आणि जत्रेभर मिरवली. केस काय चमकले म्हणता! डोकं दुखलं नाही, उशी खराब झाली नाही, एक केस गळला नाही. आठवडा झाल्यावर तिनं सिद्धलिंगप्पाच्या दुकानात उभं राहून सांगून टाकलं, "घ्या गं. डोळं झाकून घ्या." आणि बायांनी घेतली. खात्यातल्या जवळजवळ प्रत्येकीनं.

त्यात गुरम्मा होती. नुकतीच कामाला लागलेली, उफाड्याची, हसरी पोर. तिला बघायला वैरागचे पाहुणे येणार होते, म्हणून तिनं त्या दिवशी तेल चांगलं चोपडून लावलं आणि कामावर आली. पाहुणे दिवेलागणीला येतील, तोवर घरी जाऊन वेणीफणी करू, असा तिचा हिशेब. पाहुणे लवकर आले. गुरम्मा दारात पाय ठेवते तो मंडळी समोर बसलेली. तेल होतं चिकट आणि जड. दिवसभरातला सगळा भुरा त्यानं धरून ठेवला होता. मुलाच्या आईनं वर बघितलं आणि म्हणाली, "पोरगी बगायला आलो व्हतो की तिची आजी?" मंडळी पोह्यांना हात न लावता उठली.

दुसऱ्या दिवशी खात्यात प्रत्येकीची तीच तक्रार. झटकून जात नाही, विंचरून जात नाही, धुतलं तरी अर्धा राहतोच. गुरम्मा उठली. तिनं हिरवी बाटली नागव्वाच्या शेजारी ठेवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

नागव्वानं आपली तांबडी वेणी पुढं ओढली. पांढरी फटक. काल सकाळपर्यंत तर काळीभोर होती! आणि मग तिच्या लक्षात आलं. गड्ड्याच्या सुट्टीला जोडून बॉयलरची दुरुस्ती निघाली होती. तिनं तेल तपासलं त्या सबंध आठवड्यात खातं बंद होतं, ते कालच उघडलं. भुरा नव्हताच! बाईनं भर कामावर कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं जी गोष्ट तिच्या नाकातोंडात जात होती, तीच नेमकी ती विसरली होती.

जेवणाच्या सुट्टीत ती उभी राहिली. नागव्वा खाली मान घालणारी नव्हे, आणि त्या दिवशीही तिनं घातली नाही, पण आवाज कापत होता.

"ऐका गं. माजी चूक झाली. खातं बंद असताना मी तेल बगितलं. तेल वाईट न्हाय. न्हायच्या आदल्या रातीला लावा, सकाळी धुवा, केस रेशीम व्हतील. पर लावून कामाला येऊ नगा." मग ती म्हणाली, "आन् हितनं पुडं माज्या शब्दावर कुणी काय घिऊ नगा."

दुसऱ्या दिवशी ती अंबाडा घालून आली. चारचौघींसारखा, घट्ट. शिवप्पानं सकाळी शाळेचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

चूक कबूल करणं तिला जमलं, पण चुकलेली बाई म्हणून पुन्हा त्या जागी बसणं जमेना. बाया यायच्या, विचारायच्या. ती म्हणायची, "तुमचं डोळं हायत की." कुणीतरी मधल्या काळात आठवडी बाजारातून काजळ आणलं आणि दोन दिवस डोळे चोळत बसली. नागव्वाच्या ओठांवर आलं होतं की काजळ आधी मनगटावर लावून बघायचं असतं. ते तिनं गिळलं. आतून मात्र ती झुरत होती. संध्याकाळी दुकानावरून जाताना ती मान वळवून घ्यायची, आणि आत नवं काय आलंय ते तिरक्या नजरेनं बघितल्याशिवाय तिचा पाय पुढं पडायचा नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर सिद्धलिंगप्पाकडं शिकेकाईचा नवा साबण आला. स्वस्त होता, जड पाण्यातही फेस येतो असं म्हणायचे. पण घ्यायला कुणी तयार होईना. त्यानं एक वडी नागव्वाकडं पाठवली. तिनं ती हातही न लावता परत केली.

मग एका सुट्टीनंतरची सकाळ उजाडली. नागव्वा खात्यात शिरली आणि दारातच थांबली.

सगळ्यांच्या दोन-दोन वेण्या! लेकुरवाळ्या, सासवा झालेल्या, विधवा, थोरल्या, धाकट्या, सगळ्या. एवढ्या रिबिनी कुठून आणणार, म्हणून बहुतेकींनी टाकाऊ रंगीत सूतच बांधलं होतं, एका बाजूला तांबडं, एका बाजूला हिरवं. सिद्धम्मा म्हातारीच्या वेण्या तर उंदराच्या शेपटांएवढ्या, पण दोन्ही जागच्या जागी आणि ती स्वतः नव्या नवरीसारखी लाजत उभी. मुकादम आत आला, बघत राहिला आणि म्हणाला, "हितं काय शाळा भरली व्हय?" कुणी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

नागव्वानं काही बघितलंच नाही असं दाखवलं आणि कामाला लागली. दिवसभर चाकं फिरली, भुरा उडाला, तिनं मान वर केली नाही. संध्याकाळचा भोंगा झाला. एकही बाई घरी निघाली नाही. गुरम्मा सरळ आली आणि तिच्यापुढं पाठ करून फरशीवर बसली.

"अक्का, तांबडीत साबण हाय, हिरवीत शिकेकाई. दिसभर भुरा बसू दिलाय. आता बग."

"मी न्हाय सांगत म्हनलं न्हवं?"

"तूच सांग. आमाला हात लावून कळत न्हाय, तुला कळतंय." गुरम्मानं मान मागं वळवली नाही. "माजी सोयरीक मोडली तवा मला लई राग आलता. मग म्हनलं, एका बाईनं आमा सगळ्यांच्या वाटचं किती दिस आपल्या डोस्क्यावर घ्यायचं? आता समद्यांनी लावलंय. चुकलं तर समद्यांचं चुकंल."

नागव्वा पुढं सरकली. तिनं पदरानं डोळे पुसले, हात पुसले, आणि गुरम्माची तांबडी वेणी बोटांत घेतली. मग हिरवी. मग दुसरीला बसवलं, तिसरीला, सिद्धम्माला. झटकून बघितलं, टोकं चुरगाळली, वास घेतला. शेवटची बाई झाल्यावर ती परत पहिलीकडं आली, पुन्हा एकदा हात फिरवला, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. एका डोक्यावर बघून हे तिला जन्मात कळलं नसतं.

"हे बगा," ती उभी राहिली, आणि आवाज पहिल्यासारखा खणखणीत, "ज्यांचं केस पातळ, त्यांना हा साबण झकास. भुरा झटकून जातोय. सिद्धम्मा, तू डोळं उगडं ठिवून घे. दाट केसाला मात्र हा कोरडा पडतोय. गुरम्मा, तुला शिकेकाईच. साबण इस्वास ठिवून घ्यायचा न्हाय, आपलं केस बगून घ्यायचा. कळलं?"

"कळलं, अक्का!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, आणि मग हसता हसता एकमेकींच्या वेण्या सोडायला लागल्या. नागव्वा बघत उभी राहिली. तिची रीत आज खात्यातल्या प्रत्येक डोक्यावर होती, आणि त्या अभिमानानं तिचा ऊर भरून आला. तिनं तो लपवायचा प्रयत्नही केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवप्पा दारात हातगाडीचं चाक तपासत होता. नागव्वा बाहेर आली. मधोमध भांग, दोन वेण्या, तांबडी रिबीन, हिरवी रिबीन. शिवप्पाचं टक्कल आनंदानं लकाकलं.

"काय, शाळंला निघालीस व्हय?"

"व्हय," नागव्वा म्हणाली. "वाट सोडा. वर्ग लई मोठा झालाय, सगळ्या वाट बगत बसल्या असतील."