झाडांमागचा बिगूल

बँडमास्तर होऊन वर्नाला चार वर्षं झाली होती, तरी दर मंगळवारी तालमीला निघताना छडी पिशवीत आहे ना, हे ती दोनदा बघायचीच.

पाईक फॉल्स हे अमेरिकेतलं, लोखंडाच्या खाणींवर जगणारं गाव. सेहेचाळीस साली युद्धावरून परतलेल्या खाणकामगारांनी तिथल्या बंबखान्यात हा बँड उभा केला. रूडी पेरुशेकनं खिडकीच्या पडद्याची काठी हातात घेऊन पहिला ताल दिला आणि ती काठी पुढं एक्केचाळीस वर्षं खाली ठेवली नाही. छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा कुठं तो थांबला, आणि थांबताना स्वतःच नाव सुचवलं ते वर्ना लाहतीचं. ती सहा वर्षं लष्करातल्या बायकांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून आली होती.

"हिच्यावर कधी गोळी तरी झाडलीय का कुणी?" ढोलवाल्यानं भर सभेत विचारलं होतं.

"तुझ्यावर तरी कुठं झाडली?" रूडी म्हणाला, "अख्खं युद्ध बटाटे सोलण्यात काढलंस तू."

सगळे हसले. सतरा विरुद्ध चौदा मतांनी वर्ना निवडून आली. ते चौदा कोण, हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही. पण छडी उचलली की प्रत्येक चेहऱ्यात ती ते शोधायचीच.

रूडी मग कॉर्नेट हे पितळी वाद्य वाजवणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला. मे अखेरीस मेमोरियल डेला, म्हणजे दिवंगत सैनिकांच्या स्मृतिदिनी, कबरस्तानात बिगुलावर निरोपाची धून मात्र तोच वाजवायचा. चोवीस सुरांची ती धून त्यानं बँडमधल्या जवळजवळ प्रत्येक गेलेल्या माणसासाठी वाजवली होती.

एक्क्याण्णवच्या एप्रिलमध्ये तालमीत सगळा बँड संचलनाची एक धून वाजवत असताना रूडी एकटाच आधीची धून वाजवत राहिला. पोरं हसली, तोही हसला. पुढच्या मंगळवारी तो बंबखान्यावरून सरळ पुढं निघून गेला. बायको शोधायला निघाली तेव्हा तळ्याकाठी गाडीत बसलेला सापडला.

त्या दिवसापासून वर्नाची झोप उडाली. खाणीच्या कचेरीत टाईप करता करता तिची बोटं मध्येच थांबायची. दोनशे माणसांसमोर तो अडकला तर? आणि आत्ताच त्याच्याकडून बिगूल काढून घेतला तर? शेवटी ती त्याच्या घरी गेली. रूडी बाहेर कुंपण रंगवत होता. त्याच्या बायकोनं, अ‍ॅग्नेसनं, कॉफी ओतली आणि पोतित्साची, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड पावाची, जाडसर कापं पुढं केली.

"अ‍ॅग्नेस, मी कशासाठी आलेय ते तुम्हाला कळलंय."

"कळलंय गं. कधीकधी त्याला न्हाणीघर सापडत नाही. पण रोज सकाळी मोरीपाशी उभा राहून ती धून वाजवतो, न चुकता. बाकी काय हवं ते काढून घे, वर्ना. तेवढं नको."

बिगूल रूडीकडंच राहील, असं वर्नानं कबूल केलं. पण तिनं एक मधला मार्गही काढला. बँडमध्ये ड्वेन हाउटाला नावाचा कॉर्नेटवाला होता, टपाल वाटणारा, व्हिएतनामच्या युद्धात जाऊन आलेला. त्याला तिनं बाजूला घेतलं.

"तू कबरस्तानामागच्या देवदारांत उभा राहा. माझा डावा हात वर गेला तरच वाजव. पहिल्यापासून."

"रूडीला सांगितलंयस?"

"नाही."

"मला हे पटत नाही, बाई."

"मलाही नाही पटत," वर्ना म्हणाली.

मेमोरियल डेला वारा होता. नोटेशनचे कागद कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवले होते. त्या वर्षी गेलेल्यांची नऊ नावं वाचून झाली. रूडी दोन पावलं पुढं आला, बिगूल ओठांना लावला. सूर स्वच्छ निघाले. वर्ना मनात मोजत होती. बारा, तेरा, चौदा. पंधराव्या सुरानंतर तो थांबला.

दम घेतोय का? तिनं स्वतःलाच विचारलं. हात वर केला आणि त्यानं पुन्हा सुरुवात केली तर दोघं एकमेकांवर आदळतील. बिगूल त्याच्या ओठांवरच होता. डोळे समोरच्या दगडांवरून कुणालातरी शोधत असल्यासारखे फिरत होते. वर्नानं चारपर्यंत मोजलं आणि डावा हात वर केला.

झाडांमागून धून आली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. रूडीनं बिगूल खाली घेतला आणि शेवटचा सूर विरेपर्यंत तो ताठ उभा राहिला.

चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. लोक येऊन रूडीचा हात हातात घेत होते. "ते मागून पडसादासारखं आलं ना, अंगावर काटा आला बघा!" तो प्रत्येकाचे आभार मानत होता. मग कॉफीच्या भांड्यापाशी तो वर्नाजवळ आला.

"झाडांत कोण होतं?"

"ड्वेन."

"त्याला कधी सांगितलंस?"

"तीन आठवडे झाले."

"म्हणजे मी थांबणार हे तुला तीन आठवड्यांपासून ठाऊक होतं."

"ठाऊक नव्हतं, रूडी. भीती वाटत होती."

"भीती मलाही वाटत होती." त्यानं कप खाली ठेवला. "पण मला कुणी विचारलंच नाही. बँडमास्तर तू आहेस. विचारायचं तू."

पुढचे तीन मंगळवार त्याची खुर्ची रिकामी राहिली. वर्नानं दोनदा फोन केला, दोन्ही वेळा अ‍ॅग्नेस म्हणाली, "झोपलाय." दुपारी चार वाजता तो कधी झोपत नसे, हे दोघींनाही माहीत होतं. त्या दिवसांत वर्नानं राजीनामा लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. आपण त्याची अब्रू राखली की घालवली, हे तिला ठरवता येईना.

चौथ्या मंगळवारी अ‍ॅग्नेसनं त्याला गाडीनं आणून सोडलं. तो कुणाशी न बोलता कॉर्नेटच्या शेवटच्या रांगेत ड्वेनशेजारी बसला. ओळ चुकली की ड्वेन कागदावर बोट ठेवायचा. रूडी पहिल्यांदा ते बोट ढकलायचा, मग तिथून वाजवायचा. दुसऱ्या दिवशी वर्नानं राजीनामा चुलीत टाकला.

पुढच्या एप्रिलमध्ये तालीम संपल्यावर ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. त्या वर्षीच्या कार्यक्रमाचा कागद तिनं मांडीवर ठेवला.

"रूडी, या वर्षी बिगूल तुम्ही वाजवणार का?"

त्यानं कॉर्नेटची पेटी बंद केली. "पुढच्या आठवड्यात विचार मला."

तिनं विचारलं. तो हो म्हणाला. त्याच्या पुढच्या मंगळवारी म्हणाला, "कसला बिगूल?" चौथ्या मंगळवारी हसून म्हणाला, "बाई, तू फार विचारतेस." घरी जाताना डोळे पुसायला तिला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. पाचव्या मंगळवारी तिनं पुन्हा तेच विचारलं, त्याच शब्दांत.

"नाही," रूडी म्हणाला. "ड्वेनला सांग. आणि त्याला झाडांत उभं करू नकोस."

वर्नानं कार्यक्रमाच्या कागदावर त्याच्यासमोरच ड्वेनचं नाव लिहिलं आणि ते रूडीकडून वाचून घेतलं.