आधी विचारणारे युसूफ मास्तर

युसूफ मास्तर वर्गात आले की फळ्याकडे न जाता थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसत. एखाद्या पोराला फळ्यावर आकृती काढायला लावत आणि मागून बघत. "हितून दिसलं तर शिकवलं, न्हाई तर नुसतं बोललं," असं त्यांचं म्हणणं. जालन्याच्या आमच्या शाळेचे ते सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर. मी तिथे मराठी शिकवायला नवाच लागलो होतो. मास्तर घरी दखनी उर्दू बोलत, बाजारात मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम.

निजामीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. वरून हुकूम आला की शाळेची फेररचना करायची: पाचवीपासून सगळे विषय उर्दूत, मराठीचे वर्ग बंद. ही योजना शाळेला विचारून केली आहे, अशी हेडमास्तरांची सही खाली हवी होती. मास्तरांनी आम्हा शिक्षकांना बोलावून हुकूम वाचून दाखवला.

"तुम्हाला कोणी विचारलं होतं का?" आम्ही नकारार्थी माना हलवल्या. "मला बी न्हाई. मंग ही सही झूट होते. आधी विचारू, मंग लिहू."

पण विचारायचं कसं? सभेला परवानगी लागे आणि ती मिळणार नव्हती. मास्तर म्हणाले, सभा नकोच, वर्ग भरवू. वर्गाला कोणाची इजाजत लागत नाही.

बाजारच्या दिवशी त्यांनी पोरांच्या आईबापांना बाकांवर बसवलं. गावातल्या मस्तगड पेठेतले दुकानदार आले, खेड्यांतून शेतकरी आले, दाराशी दोन-चार बायाही टेकल्या. मास्तरांनी त्रिकोणाचा एक धडा उर्दूतून शिकवला. तोच मला मराठीतून शिकवायला लावला. माझी भूमिती बेताची, तरी कसाबसा शिकवला. मग त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली.

केदारखेड्याचे रंगनाथ पाटील उठले. "मास्तर, पहिलं काय बी कळलं न्हाई. दुसरं कळलं. मंग माझं पोरगं सालोसाल ते पहिलंच ऐकत बसणार का?"

कापडाच्या पेढीचे मोतीलालशेठ वेगळंच बोलले. कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत. उर्दू काढली तर पोरगा जन्मभर दुकानातच बसेल, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी दोघांचंही ऐकून घेतलं. संध्याकाळपर्यंत वाद चालला. शेवटी ठरलं की हिशेब, भूमिती, इतिहास ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत शिकवायचे आणि उर्दू भाषा म्हणून सगळ्यांना रोज. मास्तरांनी तेच लिहून वर पाठवलं.

मग तपासनीस साहेब आले. आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी मास्तरांना विचारलं की मुसलमान असून उर्दूची वाट तुम्हीच कशी अडवता?

"उर्दू माझ्या आईची जबान आहे, साहेब," मास्तर शांतपणे म्हणाले. "म्हणूनच ती कोणाच्या डोक्यात मारू देणार न्हाई."

माफी लिहा, सही करा, जागा राहील, असं साहेबांनी सांगितलं. मास्तरांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. त्यांची हेडमास्तरकी गेली, साधी मास्तरकी उरली. मराठीचे वर्ग बंद झाले. रंगनाथ पाटलांचा पोरगा शाळा सोडून गावी परत गेला. त्या दिवशी मास्तर मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसून राहिले.

पुढे निजामी संपली. गावातल्या मुसलमानांना सुडाची भीती होती. मास्तरांच्या मोहल्ल्यातली दारं दिवसाही बंद असत. शाळेचा कारभार हाती आलेल्या नव्या मंडळींची शाळेत बैठक भरली. शेठ होते, पाटील होते. ठरलं की आता सगळं मराठीत, उर्दूचे वर्ग बंद. आणि हेडमास्तर युसूफ मास्तर, कारण मराठीसाठी तेच भांडले होते. तसा कागद त्यांच्यापुढे सहीला ठेवला. मास्तर खूश होतील असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

मास्तर उठले. "उर्दूच्या वर्गातल्या पोरांच्या घरचं हितं कोण आहे?"

कोणीही नव्हतं.

"मंग हा कागद बी तसलाच. मी सही करणार न्हाई."

मागून कोणीतरी म्हणालं की खुर्ची देऊन राह्यलो हेच नशीब समजा. मी घाबरून मास्तरांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली. "बिलकुल न्हाई करणार. पाहिजे तर मास्तरकी बी घ्या."

मग रंगनाथ पाटील जागेवरून उठले. "असल्याच कागदानं माझ्या पोराची शाळा सुटली," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या पोराची न्हाई सुटू द्यायची. मी येतो मास्तरांसंग विचारायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं मोहल्ल्यात दारोदार फिरले. काही दारं उघडली, काही उघडली नाहीत. पोरांना उर्दूतच शिकू द्या, हे आईबापांचं म्हणणं पाटलांनी बैठकीत सांगितलं. हेडमास्तरकी दुसऱ्या कोणाला मिळाली, पण उर्दूचा वर्ग राहिला. तो पुन्हा भरला तेव्हा मोजकीच पोरं आली, भिंतीच्या कडेकडेनं, दबकत. मास्तरांनी शिपायाच्या हातातली घंटेची हातोडी घेतली आणि स्वतः घंटा दिली, भरल्या शाळेला द्यावी तेवढी लांब.